माझ्या वाट्याच्या शिव्या

आंधळगावच्या शाळेत मी चौथीच्या वर्गाला एक पाठ दरवर्षी शिकवीत असे. तो पाठ्यपुस्तकात नव्हता. मी फळ्यावर प्रश्न लिही : ‘आईचे आपल्यावर प्रेम आहे, हे कशावरून ओळखावे?’ आणि मुलांना सांगे की उत्तर म्हणून आईचेच एक वाक्य सांगायचे, तिच्याच शब्दांत, काहीही न बदलता. सुरुवातीला मुले एकमेकांकडे पाहत बसत. मग कोणीतरी धीर करून उठे आणि म्हणे, “बाई, माही माय म्हणते, गिळ एकदाचा आन् तोंड काळं कर.” वर्ग हसे. मी मात्र ते वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहीत असे, आणि मुलांना विचारीत असे की हे म्हणताना आईच्या हातात काय होते. उत्तर बहुधा ‘भाकर’ असे.

या पाठाचे माझ्या वरिष्ठांनी एकदा कौतुकही केले. मुलांना भाषेचे निरीक्षण करायला लावणारा उपक्रम, असे ते म्हणाले. मी मान डोलावली. तो मला कसा सुचला हे त्यांना सांगणे शक्य नव्हते. तो मला मत्सरातून सुचला होता. माझी आई मला एकही शिवी देत नव्हती, आणि माझ्या वाट्याच्या सगळ्या शिव्या माझ्या डोळ्यांदेखत दुसरी एक जण खात होती, त्या काळात तो सुचला.

हे समजण्यासाठी आधी आईच्या बोलण्याची रीत समजून घ्यावी लागेल.

आमचे गाव सिहोऱ्याच्या बाजूला, चहूकडून धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी, वेढलेले. आई शाळेत गेली नव्हती, परंतु तिच्या बोलण्याला पक्की शिस्त होती. परक्या माणसाला ती कधी वावगा शब्द बोलली नाही. ज्याच्याशी मन फाटलेले असे, त्याच्याशी तर ती फारच गोड बोले. “या जी, बसा जी, कसं येनं केलं?” असे तिच्या तोंडून आले की हा पाहुणा तिला नकोसा आहे, हे आम्हा घरच्यांना कळून चुके. पाहुणा बिचारा खूश होऊन जाई. शिव्या मात्र तिने आपल्या माणसांसाठी राखून ठेवल्या होत्या. मला लहानपणी ऊन फार लागे. चैत्र-वैशाखात मी तापाने फणफणले की कपाळावर ओल्या धडप्याची घडी ठेवता ठेवता ती म्हणे, “हिंड अजून उन्हात, बह्याड पोट्टी. मर आता.” तो ‘मर’ कानावर पडला की मला झोप येई. आई जागी आहे आणि जवळ आहे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. दुसरा काही अर्थ असू शकतो, हे मला शाळेने शिकवले.

आता त्या दुसरीविषयी.

आमच्याकडून मध्य प्रदेशाची हद्द फार दूर नाही, आणि तिकडची एक रीत आमच्या पट्ट्यातही पाळली जाई. श्रावणात मुली टोपलीत माती घालून गहू पेरत आणि ती टोपली घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवीत. ऊन न मिळाल्याने अंकुर हिरवे न होता पिवळेधमक वाढत. त्यांना भुजली म्हणत. राखीच्या दुसऱ्या दिवशी साऱ्या मुली टोपल्या डोक्यावर घेऊन तलावावर जात, माती पाण्यात सोडत आणि धुतलेले अंकुर घरी आणीत. त्याच वेळी दोन मुलींनी एकमेकींच्या कानामागे ते अंकुर खोवले, तर त्या जन्मभराच्या भुजल्या होत. त्यानंतर एकमेकींचे नाव घ्यायचे नाही. ‘भुजली’ अशीच हाक मारायची. एकमेकींशी भांडायचे नाही. आणि तिची आई ती आपली आई.

मी आणि आमच्या आळीतली, माझ्याच वर्गातली एक मुलगी अशा भुजल्या झालो. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. लिहू नये असा नियम आहे, आणि तो मी अद्याप मोडलेला नाही.

तलावावरून आम्ही दोघी कानामागे अंकुर खोवून घरी आलो, तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर करून पाहिले. “घ्या! एक कमी होती, तं दुसरी आणली डोक्यावर बसाले,” ती म्हणाली, आणि माझ्या भुजलीकडे वळून पुढे म्हणाली, “पाय धुतले का वं, भवाने? साऱ्या घरात चिखल करून राहिली.” भुजलीचा चेहरा उजळला. मलाही तेव्हा आनंद झाला. वाटणी झाली होती खरी, पण मोठा वाटा माझाच होता.

चौथीनंतर तिची शाळा सुटली. मी शिकत राहिले, मॅट्रिक झाले आणि शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी भंडाऱ्याला गेले. दरम्यान तिचे लग्न गावातल्या गावातच झाले. तिचे सासर आमच्या घरापासून चार घरे सोडून होते. तिचे आईवडील पुढे थोरल्या मुलाकडे गोंदियाच्या बाजूला राहायला गेले, त्यामुळे गावात तिला माहेर म्हणून आमचेच घर उरले. हे सारे रीतीला धरूनच होते. त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते, आणि हीच माझी अडचण होती.

आंधळगावला नेमणूक झाल्यावर मी पहिल्यांदा सुटीत घरी आले, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. तुमसरहून येणाऱ्या मोटारीतून उतरून मी दारात पोचले, तेव्हा ओसरीवर शेजारपाजारची माणसे बसली होती. आई आतून धावत आली आणि सवयीने म्हणाली, “आली का वं! काय हाल करून घेतले जिवाचे, काडी झाली नुसती—”

वडिलांनी तिला तिथेच थांबवले. “आता तिले चार लोकांत अवं-तवं करू नोको. मास्तरीण झाली ते.”

“मले का समजत नाही?” आई म्हणाली.

दुर्दैवाने तिला ते फारच चांगले समजले. वडिलांनी चार लोकांत म्हटले होते. आईने कोणी नसतानाही तो नियम पाळला. बाजेवर धुतलेली चादर अंथरली गेली. फळीवर एक कपबशी पालथी घातलेली असे. ती पटवारी आला तरच खाली उतरत असे. ती माझ्यासाठी उतरली. “चा घ्या बाई,” आई म्हणाली. स्वतः मात्र ती जर्मनच्या गिलासात चहा घेऊन उंबऱ्याजवळ टेकली. जर्मन म्हणजे आम्ही ॲल्युमिनियमला म्हणत असू; त्या गिलासात चहा ओतला की तो हातात धरवत नसे, पदराच्या टोकात गुंडाळून धरावा लागे. लहानपणापासून मी त्याच गिलासात चहा प्यायले होते.

पहिल्या दिवशी मला या मानाचा अभिमान वाटला, हे सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहू लागले. आई आता नेहमीसारखी बोलेल, केसांना तेल नाही म्हणून ओरडेल, ताटात दोडका तसाच ठेवला म्हणून माझ्या सात पिढ्या काढील. तिने ताट उचलले आणि म्हणाली, “दोडका आवडत नाही वाटते तुमाले. उद्या दुसरं करू.”

त्याच वेळी माझी भुजली दारातून आत आली.

“आली का उंडगी!” आईचा आवाज इतका मोकळा झाला, की मला तो ओळखीचा वाटला आणि लगेच परकाही वाटला. “उन्हं डोक्यावर आले, आन् हे आता उगवून राहिली. तुही सासू झोपा काढाले देते का तुले?”

“सासूच म्हणे, जाय तुह्या मायकडं. तिच्या तोंडाले काम पायजे म्हणे.”

“तोंड पाय कसं चालते सुरीवानी! बस तिथी. खाल्लं का? नाही खाल्लं असन. मुर्दाड पोट्टी, वाऱ्यानं उडून जाशीन एक दिवस.” असे म्हणत आईने तिच्यापुढे ताट सरकवले, आणि त्या ताटात दोडका होता. भुजलीने तो बोटे चाटून खाल्ला.

मी बाजेवर, धुतलेल्या चादरीवर बसले होते. मला वाटत असलेल्या गोष्टीला मत्सर म्हणतात हे मी तेव्हा मान्य केले नाही. मत्सर करावा असे तिच्याजवळ होते तरी काय? दोन लुगडी, सासूचा जाच, दिवसभर बांधीतले काम. मी पगारी शिक्षिका होते. तरीही आईने तिला ‘मुर्दाड’ म्हटले, तेव्हा मला राहवले नाही. मी हसून म्हणाले, “भुजली, तू येत असतेस म्हणून आईला करमतं गं.” वाक्य निर्दोष होते. एकाही शब्दावर बोट ठेवता आले नसते.

त्यानंतर प्रत्येक सुटीत मी एकच गोष्ट करीत असे : हिशेब ठेवीत असे, मनातल्या मनात. तिला काय काय मिळाले आणि मला काय मिळाले. तिला ‘टवळी’ मिळाले, मला ‘बाई’. तिच्या पाठीत एक धपाटा बसला, माझ्यासाठी पाट मांडला गेला. तिच्या तोंडात माती पडो असे आई म्हणाली, तेव्हा दोघी इतक्या हसल्या की आईला ठसका लागला, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले, तर डोळे पुसत आई म्हणाली, “राहू द्या, राहू द्या, तुमी कायले उठता.” तांब्या भुजलीने माझ्या हातातून घेतला. माझ्या हातातून, माझ्या घरात, माझ्या आईसाठी.

एकदा मी प्रयत्नही करून पाहिला. प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते की एखाद्या कारणाचा परिणाम खरोखर होतो की नाही, हे प्रयोगाने तपासावे. आईने चुलीवर दूध ठेवले आणि मला लक्ष ठेवायला सांगून ती गोठ्यात गेली. मी लक्ष ठेवले. दूध वर आले, काठाशी आले, उतू गेले. मी पाहत राहिले. चुलीत चर्र झाले, घरभर जळका वास पसरला. लहानपणी एवढ्यासाठी आईने मला अंगणभर पळवले असते. ती धावत आली, चुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तिचे ओठ उघडले.

“होते कधी कधी,” ती म्हणाली, आणि राखेने चूल पुसू लागली.

दुपारी भुजली आली, आणि तिने सुपातला थोडासा कोंडा जमिनीवर सांडला. त्यावर आई जे बोलली, ते शेजारच्या दोन घरांत ऐकू गेले. त्या बोलण्यात उतू गेलेल्या दुधाचाही राग होता, असे मला वाटले. तोही तिलाच मिळाला.

मग रोवण्याचे दिवस आले. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, उपटून चिखल केलेल्या बांधीत लावण्याचे हे काम आमच्याकडे बायकाच करतात. ओळीने वाकून, गाणी म्हणत, दिवस दिवस पाण्यात. शाळेला रविवार होता आणि आमच्या बांधीतला रोवणा त्याच दिवशी संपायचा होता, म्हणून मी मुद्दाम आले. मी लुगडे वर खोचून बांधीत उतरणार, तोच एक म्हातारी ओरडली, “अवं मायबाई, मास्तरीणबाई कायले चिखलात! धुऱ्यावर बसा जी तुमी.” साऱ्या बायकांनी तिला दुजोरा दिला. मी आईकडे पाहिले. आईने माझ्यासाठी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाची पाने अंथरली.

मी पानांवर बसून पाहत राहिले. ओळीत आई होती आणि तिच्या शेजारी भुजली. दोघींचे हात एकाच वेळी पाण्यात जात, एकाच वेळी वर येत. आई मध्येच तिला म्हणे, “सरळ लाव ना वं, आंधळे! तुह्या सासऱ्याची वाट हाये का, वाकडी जाऊन राहिली?” आणि सारी ओळ वाकल्या वाकल्या हसे. मीही पऱ्हे लावू शकत होते. लहानपणी माझी ओळ तिच्यापेक्षा सरळ येत असे; हे तेथे फक्त आई, भुजली आणि मी, एवढ्या तिघींनाच ठाऊक होते, आणि तिघीही बोललो नाही.

शेवटची पेंडी लावून झाली की आमच्याकडे चिखलाचा खेळ होतो. बायका एकमेकींना चिखलाने माखतात. मग धन्याला धरतात, धनिणीला धरतात, धुऱ्यावरून जाणारा पाव्हणा असेल तर त्यालाही सोडत नाहीत. ज्याला चिखल लागला तो आपला, असा तो खेळ आहे. वडील आधीच पळून गेले होते. बायकांनी आईला डोक्यापासून माखले. आईने भुजलीला पाडले आणि तिच्या तोंडाला, केसांना, मानेला चिखल फासला, “घे, आणखी घे, मेले!” असे म्हणत. मी उठून उभी राहिले. मी तयार होते. मी नवे लुगडे नेसून आले होते, कारण ते खराब व्हावे अशी माझी इच्छा होती.

बायका माझ्याकडे आल्या. त्यांच्यातली पुढची थबकली. आई मागून ओरडली, “तिच्या अंगाले लावू नोका वं! शाळेचं लुगडं हाये ते.” तेव्हा त्या बाईने आपला हात पदराला पुसला, करंगळीवर चिखलाचा एक ठिपका घेतला, तो माझ्या कपाळावर कुंकवासारखा लावला आणि मला हात जोडले.

घरी परतताना भुजली माझ्या बरोबरीने चालत होती. तिच्या अंगावरचा चिखल वाळून तडकत होता. ती अजून हसत होती. भुजल्यांनी भांडायचे नसते, आणि मला भांडायचे होते. भाषेचे शिक्षण झालेल्या माणसाजवळ अशा वेळी एक साधन असते, जे बांधीतल्या बाईजवळ नसते. मी थांबले, तिच्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, “तू माझ्या आईची फार सेवा करतेस. मी तुझी अत्यंत आभारी आहे.”

तिचे हसणे थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या कपाळावरच्या ठिपक्याकडे पाहिले.

“आभारी?” ती म्हणाली. “म्हंजे मी कोण झाली? मोलाची बाई?”

“तसं नाही, मी तर चांगलंच बोलले.”

“व्हय. लय चांगलं बोलली.” आणि ती आपल्या घराच्या वाटेला वळली.

राखीच्या सुटीत मी पुन्हा गावी आले. दुपार झाली, पण भुजली आली नाही. मी विचारले, तेव्हा आई म्हणाली, “तिले काम असन. रोवणा झाल्यापासून आलीच नाही ते. चांगली पोट्टी हाये. लय गुणाची हाये जी ते.”

वाचकांना आईच्या बोलण्याची रीत मी वर सांगितली आहे. आई तिला ‘गुणाची’ म्हणाली, तेव्हाच मला समजले की काय तुटले आहे.

मला जे हवे होते ते मिळाले होते. आई आता पूर्णपणे माझी होती. तिला वाटून घ्यायला कोणी नव्हते. आणि घरात बोलणेच उरले नव्हते. आई चुलीपुढे बसे, उठे, गोठ्यात जाई. कोंबड्या स्वयंपाकघरात शिरल्या तरी ती त्यांच्या नावाने खडे फोडीत नव्हती. नुसती काठी हलवी. मला विचारी, “तुमाले काही पायजे का?” मी म्हणे, “नाही, काही नको.” आम्ही दोघी एकमेकींशी इतके चांगले वागत होतो की दिवस सरता सरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भुजल्या शिरवण्याचा, म्हणजे तलावात सोडण्याचा, सण होता. तलावाकडे टोपल्या घेऊन मुली निघाल्या, त्यांची गाणी ऐकू येऊ लागली, तरी भुजली आमच्या दाराशी आली नाही. लग्नानंतरही तिने हा दिवस कधी चुकवला नव्हता. मग मीच तिच्या घरी गेले.

ती ओसरीवर तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवले, उठून उभी राहिली, चटई अंथरली. “या जी बाई,” ती म्हणाली. “बसा जी. कसं येनं केलं?”

ते शब्द तिने माझ्या आईकडून शिकले होते, आणि ते योग्य ठिकाणी कसे वापरावेत हेही शिकली होती. मी चटईवर बसले नाही. तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिने पुन्हा सूप हातात घेतले.

“भुजली, मला तुझा मत्सर वाटतो,” मी म्हणाले. शाळेतला शब्द होता. दुसरा सापडला नाही.

“कायचा?”

“आई तुला शिव्या देते त्याचा.”

तिने सूप खाली आपटले. “आन् मले? शेण उचलाले मी, पाणी भराले मी, कंबर दुखली का तेल चोळाले मी. आन् कपबशी तुले! तुह्या मायनं मले एका दिवशी तरी कपबशीत चा देल्ला का? तू येणार म्हटलं का आदल्या दिवसापासून ते कपबशी राखेनं घासते. मलेच घासाले लावते. आतापर्यंत दहा वेळा वाटलं, हातातून सोडून द्यावी खाली.”

“मग सोडली का नाहीस?”

“माह्या हातून फुटली असती तं शिव्याच भेटल्या असत्या. त्याचा का तोटा हाये मले?”

मला हसू आले, आणि तिलाही. पण ती थांबली नाही. “आन् शिव्या बी कोणाच्या, तं तुह्या! उन्हात हिंडू नोको म्हणून मले झोडपते. मले कधी ऊन लागलं का वं? माहा जल्म गेला बांधीत. ऊन लागे ते तुले. दोडका ठेवू नोको ताटात म्हणते. मी कधी ठेवला? पुस्तकात तोंड खुपसून बसू नोको, डोळे फुटतीन म्हणते. मी पुस्तक कधी पाह्यलं चौथीनंतर? एक बी शिवी माह्या मापाची नाही. साऱ्या तुह्या, आन् खाणारी मी.”

हे ऐकून माझा मत्सर निवायला हवा होता, असे आता एखाद्याला वाटेल. तो निवला नाही, उलट वाढला. माझे ऊन, माझा दोडका, माझे डोळेसुद्धा तिलाच मिळाले होते. मी ते तिला सांगितले. ती म्हणाली, “बह्याड हायेस तू,” आणि पदर खोचून उठली. “चाल. सणाचा दिवस हाये, भांडाचं नाही.”

“मग आभार मानायचे का?” मी विचारले.

“थोबाड फोडीन,” माझी भुजली म्हणाली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई चहा टाकत होती. तिने दोघींना दारात पाहिले. प्रथम ती चमचा आधणात फिरवत राहिली. मग भुजलीवर जे सुरू झाले ते थांबेना. “कोठी मेली होतीस एवढे दिवस? पाय मोडले होते का तुहे? इथी माय जित्ती हाये का मेली, पाहाले बी आली नाही! आन् हिले काहून आणलं भर उन्हात? हिचं डोकं दुखते उन्हानं, ठाऊक नाही का तुले, भवाने?” भुजलीने माझ्याकडे तिरप्या डोळ्यांनी पाहिले. आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “बसा बाई.”

चहा ओतला गेला. कपबशी माझ्यापुढे आली, जर्मनचा गिलास भुजलीपुढे. भुजलीने हात लांब केला, कपबशी उचलून स्वतःपुढे ठेवली आणि गिलास माझ्याकडे सरकवला.

“अवं, ते बाईची कपबशी व्हय! ठेव खाली!”

“पिऊ दे तिले आज जर्मनमंदी.”

“हात भाजन तिचा.”

“भाजू दे.”

आई पुढे झाली, पण मी गिलास उचलला होता. तो कसा धरायचा हे माझे हात विसरले होते. मी तो वर्गात खडू धरावा तसा बोटांनी धरला, आणि बोटे चरचरली. मी ‘आई गं’ म्हणाले, पण खाली ठेवला नाही. आई माझ्या बोटांकडे पाहत होती. तिचा चेहरा लाल झाला.

“पदर घे ना वं हाताले, बह्याड पोट्टी! एवढ्या परीक्षा पास केल्या, आन् गिलास धराचं समजत नाही? जळ आता!”

बोलून झाल्यावर तिने दचकून ओसरीकडे पाहिले, वडील तेथे आहेत का म्हणून. ते नव्हते. भुजली करंगळी वर करून, पटवाऱ्यासारखी, बशीतून चहा पीत होती. “ह्याच्यातला चा बी तसाच लागते वं,” ती जरा निराश होऊन म्हणाली.

मी पदर हाताला गुंडाळला नाही. आई अजून माझ्याकडेच पाहत होती, आणि मला वाटले, आणखी एखादी शिवी येईल.